सांगली-सातारा पट्ट्यातली कॉलेजं आणि एलजीबीटी पोरं: जुन्या-नव्या सगळ्यांनी लिहा

कृष्णाकाठी
मंडळी, ॲडमिशनची धावपळ चालू आहे म्हणून हा धागा आत्ताच काढतोय. भाचा पवईला आयआयटीत आहे, त्याच्याकडनं कळलं की तिथं 'साथी' म्हणून एलजीबीटी विद्यार्थ्यांचा ग्रुप आहे, तोही २०११ पासून. म्हणजे बघा, २ जुलै २००९ ला दिल्ली हायकोर्टानं कलम ३७७ (समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारं) सैल केलं, ११ डिसेंबर २०१३ ला सुप्रीम कोर्टानं ते परत जसंच्या तसं बसवलं, आणि मग ६ सप्टेंबर २०१८ ला पाच न्यायाधीशांनी मिळून संमतीच्या संबंधांपुरतं काढून टाकलं, या सगळ्या खेचाखेचीत तो ग्रुप चालू होता. २०१८ च्या केसमध्ये एक याचिका तर आयआयटीच्याच आजी-माजी वीस जणांची होती. देवनारच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये २०१८ च्या सुमारास हॉस्टेलात जेंडर न्यूट्रल जागा झाली. हैदराबादच्या नालसार लॉ युनिव्हर्सिटीनं २०१५ मध्येच एका विद्यार्थिनीच्या मागणीवरून सर्टिफिकेटवर मिस-मिस्टरच्या जागी 'मिक्स' लिहून दिलं.

हे सगळं मोठ्या शहरातलं झालं. मला विचारायचंय ते आपल्याकडचं. शिवाजी विद्यापीठ १९६२ चं, सांगली-सातारा-कोल्हापूर तिन्ही जिल्हे त्याच्याखाली. आपल्यातले निम्मे लोक विलिंग्डन, वालचंद, चिंतामण, साताऱ्याचं शिवाजी कॉलेज, वायसी इथनं बाहेर पडलेले. तर तुमच्या वेळी अशी पोरं होती का (होतीच, प्रश्नच नाही), त्यांना कोणी आधार दिला, कुठं दिला? नुसतं 'आमच्या वेळी असलं काही नव्हतं' असं लिहू नका, ते सगळेच लिहितात. आणि कुणाचंही नाव टाकू नका, प्लीज.

भडंगवाला
पयला नंबर! पॉपकॉर्न नाही, भडंगच घेऊन बसलोय. 😀

मजा बाजूला ठेवून लिहितो. तू कॅम्पसवर शोधालायस पण सांगलीतला आधार कॅम्पसच्या बाहेर सुरू झालता. गोकुळनगरात. संग्राम संस्था १९९२ पासून वेश्यावस्तीत एचआयव्हीचं काम करत होती, निरोध वाटणाऱ्या बायका वस्तीतल्याच, बाहेरनं कोण आलेल्या नव्हं. त्यातनं १९९६ ला वॅम्प झाली, वेश्या अन्याय मुक्ती परिषद, त्या बायकांची स्वतःची संघटना. आणि पुढं त्याच आधारानं 'मुस्कान' झाली, पुरुष आणि तृतीयपंथी सेक्स वर्कर्सची. म्हंजे पुण्या-मुंबईच्या कॉलेजात पोस्टर लागायच्या आधी सांगलीत असले लोक एकत्र बसून मीटिंग घेत होते, पोलिसांशी भांडत होते, सिव्हिलला एकमेकाला घेऊन जात होते. आता हे कुठल्या कॉलेजच्या स्मरणिकेत येणार नाही. पण माझ्या बघण्यातलं एक पोरगं, बीकॉमला होतं, घरात राडा झाल्यावर त्याला पयला चहा पाजला तो असल्याच एका माणसानं, कॉलेजातल्या कुणी नाही. एसटी स्टँडवर रात्री बसलं होतं, खिशात पैसे नाहीत. त्यानं विचारलं नाही कोण तू कुठला, आधी म्हणाला जेवलास का.

झणझणीत
झालं सुरू. पोरं कॉलेजात शिकायला जातात का हे करायला? आधी प्राध्यापक भरा म्हणावं, निम्म्या जागा तासिका तत्त्वावर, लॅबमध्ये केमिकल नाही, लायब्ररीत पुस्तक नाही आणि आम्हाला सपोर्ट ग्रुप पाहिजे. हे सगळं अमेरिकेतनं आलेलं फॅड आहे, तिकडं ठीक आहे.

भडंगवाला
@झणझणीत अमेरिकेतनं? सौंदत्तीला कधी गेलायस का यल्लमाला? जोगते बघितले असशील, देवीला सोडलेले, साडी नेसणारे पुरुष. परडी घेऊन, जग (देवीची टोपली) डोक्यावर घेऊन दारात आले की तुझी-माझी आई हळदकुंकू लावून पाया पडत होती. देवीचं म्हणून चालतं, कॉलेजात शेजारच्या बाकावर बसलं की फॅड व्हय? प्राध्यापक भरायचं मात्र खरं हाय, त्याला दुमत नाही.

निवृत्त मास्तर
धागा वाचून दोन दिवस विचार करत होतो लिहावं की नाही. मी पस्तीसेक वर्षं मराठी शिकवलं, दोन जिल्ह्यांत मिळून. कॉलेजांची नावं घेत नाही.

या विषयात विद्यापीठ म्हटलं की मला अलीगढच आठवतं. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस. मूळचे नागपूरकडचे, अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख. उत्तर प्रदेशात जाऊन हा माणूस आयुष्यभर मराठी शिकवत राहिला, आणि स्वतः कवी. २००२ साली त्यांच्या कवितासंग्रहाला महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळालेला. फेब्रुवारी २०१० मध्ये कॅमेरा घेतलेली माणसं विद्यापीठानं दिलेल्या त्यांच्या क्वार्टरमध्ये घुसली, एका पुरुषाबरोबर असताना चित्रण केलं, आणि दुसऱ्या दिवशी निलंबित कोण झालं तर सिरस. घुसणारे नव्हेत. निवृत्तीला काही महिने उरले होते. क्वार्टर सोडावं लागलं, भाड्याच्या खोलीत गेले. ते अलाहाबाद हायकोर्टात गेले, १ एप्रिलला कोर्टानं निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला ते त्या खोलीत मृतावस्थेत सापडले. दिल्ली हायकोर्टाचा ३७७ चा निकाल लागून तेव्हा वर्षही झालेलं नव्हतं, म्हणजे कायदा त्या घडीला त्यांच्या बाजूनं होता तरीही हे.

पुढे त्यावर सिनेमा आला म्हणून लोकांना माहीत झालं. आमच्या स्टाफरूममध्ये मात्र ती बातमी तेव्हाच आली होती. पेपर फिरत होता. एकानं ते पान दुमडून खाली सरकवलं, दुसरा हसत काहीतरी बोलला जे इथं लिहिण्यासारखं नाही. मराठीचे आम्ही तिघं होतो, तिघंही चहात बिस्कीट बुडवत बसलो. बोलले ते आमचे शिपाईमामा, कप गोळा करता करता. म्हणाले, "सर, ते त्यांच्या घरात होते न्हवं? मग कॅमेरा घेऊन आत शिरली त्यांना आधी धरायला पायजे." आठवीपर्यंत शिकलेला माणूस. हायकोर्टानं पुढं जे केलं त्याचा निम्मा मुद्दा त्यांनी तिथं उभ्या उभ्या सांगून टाकला.

माझ्या वर्गात अशी मुलं होती. कळायचं. त्यांना काय पाहिजे होतं ते सांगतो: भाषण नको होतं. प्रॅक्टिकलचे गट पाडताना, सहलीला खोल्या वाटताना, स्नेहसंमेलनात कुणी साडी नेसून नाच बसवला तर त्यावर शिक्षकानंच टोमणा न मारणं, एवढं पाहिजे होतं. तेवढंसुद्धा व्हायचं नाही.

कंदीपेढा
मास्तर, मोठा प्रतिसाद, वाचनखूण साठवली.

साताऱ्याचं म्हणाल तर आमच्याकडं या कामाचा पाया दुसऱ्याच विषयात घातलेला आहे. कर्मवीरअण्णांनी १९१९ ला काल्याला रयत काढली आणि १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग, सगळ्या जातीधर्माची पोरं एका छपराखाली आणि मुख्य म्हणजे एका पंगतीला. त्या काळात लोकांनी किती शिव्या घातल्या असतील विचार करा. पोरांना जेवायला धान्य नाही म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले, मंगळसूत्रसुद्धा. १९२७ ला गांधीजी आले, त्यांच्या हातनं त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस नाव दिलं गेलं. माझं म्हणणं एवढंच की आपल्या भागाला माहिती आहे खरी परीक्षा वर्गात होत नाही, ती होते हॉस्टेलात आणि मेसमध्ये. वर्ग पाच तासाचा, बाकी एकोणीस तास पोरगं कुठं असतं? खोलीत. तिथं पार्टनर कसा आहे, रेक्टर कसा आहे यावर सगळं. त्यामुळं 'कॉलेजात ग्रुप होता का' यापेक्षा 'हॉस्टेलात काय होतं' हे विचारा.

(अवांतर: कंदी पेढ्याचा आयडी आहे म्हणून मला पेढे मागू नका, तिसऱ्यांदा सांगतोय.)

ॲन आर्बरची आत्या
मी माहेरची तासगावची, गेली बरीच वर्षं मिशिगनला. झणझणीत यांनी अमेरिकेचं नाव घेतलं म्हणून लिहिते, कारण इथंही हे काही आभाळातनं पडलेलं नाही.

पहिला विद्यार्थी ग्रुप न्यूयॉर्कच्या कोलंबिया युनिव्हर्सिटीत, स्टुडंट होमोफाईल लीग, एप्रिल १९६७ ला मान्यता मिळाली. स्टोनवॉलच्या, म्हणजे १९६९ च्या न्यूयॉर्कमधल्या गे लोकांच्या उठावाच्या, दोन वर्षं आधी. आणि अडलं कशावर होतं माहितीये का, यादीवर. युनिव्हर्सिटीचा नियम असा की संघटना नोंदवायची तर सभासदांची नावं द्या. आता १९६६-६७ ला कोण नाव देणार, नाव गेलं की नोकरी गेली, घर गेलं, न्यूयॉर्क राज्यात तेव्हा तो गुन्हाच होता. तर ज्या मुलानं हे सुरू केलं त्यानं काय डोकं लढवलं, कॉलेजातल्या इतर संघटनांचे नावाजलेले पुढारी, जे गे नव्हते, त्यांनाच गाठलं आणि म्हणाला तुम्ही कागदावर सभासद व्हा. त्यांनी नावं दिली. म्हणजे खरे सभासद झाकलेले राहिले. मान्यता मिळाल्यावर न्यूयॉर्क टाइम्सनं पहिल्या पानावर छापलं आणि मग युनिव्हर्सिटीला रागाच्या पत्रांचा पाऊस. दुसऱ्या वर्षी कॉर्नेलला ग्रुप झाला.

आणि आमच्या मिशिगनला १९७१ ला युनिव्हर्सिटीनं पहिल्यांदा पगार देऊन माणसं नेमली, जिम टॉय आणि सिंथिया गेअर. ऐकायला भारी वाटतं पण दोघांची नेमणूक पाववेळ होती, अर्धवेळसुद्धा नाही, म्हणजे तुमच्या तासिका तत्त्वापेक्षा गेलेलं. 😄 त्यातनं वाढत आज स्पेक्ट्रम सेंटर आहे. आधी मुलांनी भांडायचं, मग प्रशासनानं निम्म्या मनानं एक टेबल-खुर्ची द्यायची, हा सगळीकडचा क्रम दिसतो.

झणझणीत
आत्या, माहिती चांगली दिलीत, मान्य. पण मला सांगा, २०१४ ला सुप्रीम कोर्टाचा नालसा निकाल झाला, तृतीयपंथीयांना तिसरं लिंग म्हणून मान्यता देणारा, मग यूजीसीनं पत्र काढलं, फॉर्मवर तिसरा रकाना आला. मी स्वतः एका ऑफिसात ॲडमिशनचं काम बघितलंय. रकाना रिकामाच. कुणी टिक करत नाही. मग म्हणतात पोरं आहेत पोरं आहेत, कुठं आहेत?

कृष्णाकाठी
@झणझणीत तुमच्या प्रश्नाचं उत्तर आत्याच्या प्रतिसादात आहे की. त्या रकान्यात टिक केलेला फॉर्म कुणाच्या हातात जातो? खिडकीवरचा क्लार्क, तो याच्या मावसभावाचा मित्र. मग मेरिट लिस्ट नोटीस बोर्डावर, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर, संध्याकाळपर्यंत पलूसमध्ये चुलत्याला माहिती. मुंबईत माणूस गर्दीत हरवू शकतो, आपल्याकडं आडनावावरनं गाव आणि गावावरनं घर सापडतं. सिरस सरांच्या घरात कॅमेरा शिरला, कोलंबियाला यादी मागितली, आपल्याकडं फॉर्म भरून घेतात. मला तर वाटाय लागलंय की कॅम्पसवर आधार म्हणजे आधी एवढंच, की पोराचं गुपित कुणाच्या हातात आहे आणि तो हात बंद राहतो का. रकाना छापणं सोपं आहे, तो भरलेला कागद कुणी बघायचा आणि कुणी नाही हे ठरवलं का कुणी?

आणि हो, ट्रान्स वेगळं आणि गे-लेस्बियन वेगळं. तिसऱ्या रकान्यात गे पोरगं कशाला टिक करेल, ते पुरुषच आहे की. निम्म्या ऑफिसांत अजून हा घोळ आहे.

नाव_नको
नवीन आयडी काढलाय फक्त यासाठी. सातारा जिल्हा, इंजिनिअरिंग, तिसरं वर्ष, गे. कॉलेज विचारू नका.

कृष्णाकाठी जे म्हणाले तेच माझ्याबाबतीत झालं म्हणून लिहितोय. फर्स्ट इयरला हॉस्टेलात होतो, एकानं माझा फोन बघितला चॅट उघडा होता, दोन दिवसांत मजल्यावर सगळ्यांना माहिती, बाथरूमच्या दारावर लिहिलं, मी अंघोळीला पहाटे पाचला जायला लागलो म्हणजे कुणी नसेल. ते पण सहन केलं असतं. रेक्टरांकडं तक्रार करायला गेलो की दारावर लिहिलंय पुसायला सांगा, तर त्यांनी माझ्यासमोर पप्पांना फोन लावला. स्पीकरवर. "तुमच्या मुलाचं जरा वेगळं चाललंय, येऊन भेटा." पप्पा शेतकरी माणूस, त्यांना आधी वाटलं ड्रग्ज वगैरे. ते आले, चौकटीत उभे, हातात पिशवी, आईनं लाडू दिलेले.

पुढचं लिहीत नाही. आता बाहेर खोली घेऊन राहतो, पार्टनरला माहिती आहे, त्याला काही फरक पडत नाही, तो फक्त म्हणतो भांडी तू घास. 😂 पप्पा बोलतात आता, त्या विषयावर सोडून. कॉलेजात एक मॅडम आहेत, त्यांना मी काही सांगितलेलं नाही पण २०१८ चा निकाल त्यांनी एकदा तासाला दोन वाक्यात सांगितला होता, सहज, हवामान सांगितल्यासारखा. मला कुणाकडं जावं लागलं तर त्यांच्याकडं जाईन हे तेव्हा ठरलं. ग्रुपबिप नको हो, तो इथं चालणार नाही, पहिल्या मीटिंगला कोण कोण जातंय हे बघायलाच अर्धं कॉलेज बाहेर उभं राहील.

भडंगवाला
@नाव_नको भावा, लिहिलंस ते लई मोठं काम केलंस. तो पार्टनर सोडू नकोस, भांडी घास गपगुमान.

मेडिकोमिरज
वाचतेय सगळं, नाव_नको तुला मोठी मिठी.

मेडिकलची बाजू लिहिते कारण आमच्याकडं प्रॉब्लेम सिलॅबसमध्येच आहे. डब्ल्यूएचओनं समलैंगिकता आजारांच्या यादीतनं १७ मे १९९० ला काढली. माझा जन्मही नव्हता तेव्हा. तरी भारतात फॉरेन्सिकच्या पुस्तकांत हे अनैसर्गिक गुन्हे आणि विकृती म्हणूनच छापलेलं असायचं. २०२१ ला मद्रास हायकोर्टात न्यायमूर्ती आनंद व्यंकटेश यांच्यासमोर दोन मुलींची केस आली, घरचे मागे लागलेले म्हणून संरक्षण मागत होत्या. त्यांनी नुसतं संरक्षण देऊन विषय संपवला नाही, स्वतः समजून घ्यायला समुपदेशकाकडं सेशन घेतलं आणि मग पोलिसांपासून मेडिकल कौन्सिलपर्यंत सगळ्यांना कामाला लावलं. त्यातूनच २०२२ ला नॅशनल मेडिकल कमिशननं सांगितलं की 'बरं करून देतो' म्हणून जी कन्व्हर्जन थेरपी चालते ती डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन धरली जाईल. आणि इतकं होऊनही २०२४ च्या ऑगस्ट अखेरीला जो नवा अभ्यासक्रम आला त्यात जुनाच मजकूर परत! आरडाओरडा झाला, पाच-सहा दिवसांत मागे घेतला. म्हणजे कुणीतरी जुनी फाईल उघडून कॉपी-पेस्ट मारलं असणार असा माझा संशय, हेतू वगैरे नंतर.

सांगायचा मुद्दा, पालकांनो, पोराला घेऊन कुणी 'इलाज' करतो म्हणाला, गोळ्या, शॉक, बुवा, काहीही, तर तिथनं उठा. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर कायद्यातही लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. रात्री-अपरात्री कुणाशी बोलायचं झालं तर टेलिमानस हेल्पलाईन १४४१६, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

ॲन आर्बरची आत्या
पुण्याच्या समपथिक ट्रस्टचं काम पण लक्षात ठेवा, बिंदुमाधव खिरे यांनी २००२ ला सुरू केलं. त्यांनी या विषयावर मराठीत लिहिलंय, सोप्या भाषेत, आईबापांना वाचायला देता येईल असं. मी एकदा तासगावला वहिनीसाठी पाठवलं होतं, वर्तमानपत्रात गुंडाळून. 🙂

कराडची सून
साताऱ्याचा विषय आणि अजून आर्या पुजारीचं नाव कुणीच घेतलं नाही? आमच्या कराडची. पोलीस व्हायचं होतं, भरतीचा ऑनलाईन फॉर्म भरायला गेली तर पर्याय दोनच, पुरुष आणि स्त्री. ती गेली मॅटमध्ये (महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण). २०२२ च्या नोव्हेंबरात मॅटनं सरकारला सांगितलं पर्याय ठेवा, सरकार त्याविरुद्ध हायकोर्टात गेलं, म्हणे नियमच नाहीत तर भरती कशी करू. डिसेंबरात हायकोर्टानं झापलं, फॉर्मवर तिसरा पर्याय आला आणि शारीरिक चाचणीचे नियम करायला फेब्रुवारी २०२३ ची मुदत दिली. आमच्याकडं तेव्हा पेपरात फोटो आला तर भाजीवाली मावशी म्हणाली, "पळायला जाती ती पोरगी हीच का!"

झणझणीतभाऊ, तुम्ही म्हणता रकाना रिकामा. इथं उलटं झालं बघा, पोरगी तयार होती, रकानाच नव्हता.

झणझणीत
बरं बरं. सगळे एकदम माझ्यावर तुटून पडू नका. पोलीस भरतीचं मान्य, पळून दाखवलं तर घ्या भरतीत, माझी काय हरकत नाही. लग्नबिग्नाचं मला पटत नाही, ते सुप्रीम कोर्टानंही ऑक्टोबर २०२३ ला दिलेलं नाही. आणि त्या रेक्टरचं जे वाचलं ते चूकच. तक्रार घेऊन आलेल्या पोराच्या बापाला फोन? आमच्या वेळचा रेक्टर मारकुटा होता पण असला नव्हता.

कृष्णाकाठी
लग्नाचा वेगळा धागा काढा, इथं धागा भरकटवू नका.

एक गंमत सांगतो, मला कालच कळली. दरवर्षी ॲडमिशनला अँटी रॅगिंगचं प्रतिज्ञापत्र भरतो ना, एक मुलाचं, एक पालकाचं? त्यात लिहिलेलं असतं की रॅगिंग म्हणजे काय ते कलम ३ मी वाचलंय आणि समजलंय. त्या कलमात यूजीसीनं २०१६ च्या जूनमध्ये भर घातली: जात, धर्म, रंग, भाषा, गाव यांच्या जोडीला जेंडर, त्यात ट्रान्सजेंडर आलं, आणि लैंगिक कल यावरून केलेला छळ हे सगळं रॅगिंग. म्हणजे नाव_नकोच्या बाथरूमच्या दारावर ज्यानं लिहिलं त्यानं आणि त्याच्या बापानं, दोघांनी, असं करणार नाही म्हणून सही करून दिलेली आहे. कुणी वाचत नाही ही गोष्ट वेगळी. यूजीसीची लैंगिक छळाविरुद्धची २०१५ ची नियमावलीसुद्धा, तिच्यात मुलींबरोबर काही मुलगे आणि तृतीयपंथी विद्यार्थी यांनाही धोका असतो हे स्पष्ट लिहिलंय. वर्षाच्या सुरुवातीला प्राचार्य जे भाषण करतात त्यात ही दोन वाक्यं घातली तरी पुष्कळ आहे, खर्च शून्य.

निवृत्त मास्तर
खर्च शून्य म्हणूनच होत नाही. ज्याचं बिल निघत नाही त्याचा कार्यक्रम होत नाही, पस्तीस वर्षांचा अनुभव.

चिमणी_सातारा
नमस्कार, मी ट्रान्स आहे, मुलगी. बारावी झाली, बीएला ॲडमिशन मिळालं. पोर्टलवरून अर्ज करून जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र पण काढलंय आणि आयकार्ड आहे. पण कॉलेजनं हॉस्टेल मुलांचंच दिलं, म्हणाले मुलींच्यात ठेवता येत नाही, नाहीतर बाहेर बघा. बाहेर खोली कोण देतंय मला. तोंडी सांगितलं सगळं, कागद काही दिला नाही. मी काय करू शकते? इथं कुणाला माहिती असेल तर सांगा, ॲडमिशन कन्फर्म करायचंय.

कोरेगावचा वकील
@चिमणी_सातारा तोंडी बोलणं आजपासून बंद. सगळं लेखी.

अर्जात हे घाल. ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा २०१९, १० जानेवारी २०२० पासून लागू. कलम १३: सरकारी अनुदान किंवा मान्यता असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेनं भेदभाव न करता सर्वांच्या बरोबरीनं शिक्षण द्यायचं. कलम ११: प्रत्येक संस्थेत यासाठी तक्रार अधिकारी नेमायचा. पहिला प्रश्न लेखी विचार, तुमचा तक्रार अधिकारी कोण? गंमत बघ, नेमलाच नसेल तर धावपळ तिथंच सुरू होते. २०२० च्या नियमांत संस्थेचं समान संधी धोरण पाहिजे, त्यात युनिसेक्स टॉयलेटसारख्या सोयी आणि सुरक्षिततेचे उपाय आले, आणि छळाची तक्रार ऐकायला समिती पाहिजे असंही आहे. त्याची प्रतही माग. हॉस्टेल नेमकं कुठलं द्यावं हे कायद्यात शब्दशः नाही, खोटी आशा देत नाही, पण 'बाहेर बघा' असं म्हणून हात झटकता येत नाहीत. मुलींच्या हॉस्टेलात स्वतंत्र खोली किंवा गेस्टरूम, असा पर्याय तूच सुचव, म्हणजे त्यांना हो म्हणायला सोपं जातं. प्रमाणपत्राची झेरॉक्स जोड, मूळ प्रत कुणाच्याही हातात देऊ नकोस. पाकीट बंद, वर 'गोपनीय', प्राचार्यांच्या नावानं. आवक खिडकीत दे आणि तुझ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर घेतल्याशिवाय तिथनं हलू नकोस. समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांना एक प्रत. उत्तर आलं नाही तर मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर, पुढचं बघू, फी नाही.

कराडची सून
चिमणी, खोलीचं होईपर्यंत लागलं तर मला व्यनि कर, विद्यानगरला दोन-तीन ओळखीच्या घरमालकिणी आहेत. कराडहून साताऱ्याला एसटीचा पास काढता येतो, तास-सव्वातास लागतो, अगदीच अडलं तर.

चिमणी_सातारा
थँक यू सगळ्यांना 🙏 अर्ज लिहिला, मास्तरांना व्यनित पाठवलाय शुद्धलेखन बघायला. उद्याच जाते. आवक खिडकी साडेदहाला उघडते की अकराला?

कंदीपेढा
बोर्डावर साडेदहा आहे, माणूस येतो सव्वाअकराला आणि बाराला चहाला जातो. मधल्या वेळात गाठ.